पाच जण, एक कंट्रोलर : सुपरहिरोंच्या टीमचं एक प्रकरण

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी मुलांचा कॉमिक्सचा कट्टा भरतो. आठवी ते बारावीतली मुलं येतात. भिंतीलगतच्या कपाटात अप्पा बळवंत चौकातून आणलेली काही कॉमिक्स आहेत, काही डेक्कनला फुटपाथवर मिळालेली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दिलेला मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा. एका रहिवाशाने आपला जुना प्लेस्टेशन ४ कट्ट्याला दिला, तेव्हापासून वाचनाच्या जोडीला गेमही आले. कंट्रोलर दोन मिळाले, पण एकाची डावी स्टिक हात न लावताच सरकते. कामाचा असा एकच.

नियमित येणारी मुलं पाच. त्यांची नावं इथे देत नाही. थोरला बारावीत आहे आणि त्याचा हात सगळ्यांत तयार. दहावीतली एक मुलगी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, तिला ताशावाली म्हणू. नववीतले दोन जुळे भाऊ. आणि आठवीतली धाकटी, जिने कपाटातलं जवळजवळ सगळं वाचून काढलं आहे.

या पाचांना सुपरहिरोंची टीम होऊन खेळायचं होतं. प्रत्यक्षात काही शनिवारांतच थोरला खेळणारा आणि बाकीचे बघे असं झालं. जुळे कंटाळून खाली क्रिकेटला जायला लागले. ताशावालीची पथकाची तालीम सुरू झाली की तीही येणार नाही, असं वाटत होतं. मग जो गेम चक्क एकट्याने खेळण्यासाठी बनवला आहे, त्याच्यावर ही पाच मुलं एकत्र आली. असं का झालं, ते नीट लिहून ठेवण्याजोगं आहे.

कॉमिक्समधली टीम आणि पडद्यावरची

आजोबांच्या गठ्ठ्यातला वेताळ, म्हणजे फँटम, एकटा लढतो. घोडा आणि लांडगा सोबत असतात, पण निर्णय त्याचा एकट्याचा. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं, आणि त्याच सुमारास अमेरिकेत मार्व्हलच्या टीम आकाराला येत होत्या. त्यांचं तंत्र अगदी वेगळं. १९६१ च्या ‘फॅन्टॅस्टिक फोर’पासून ही माणसं एकमेकांशी भांडतच जग वाचवतात. ‘द अव्हेंजर्स’ आणि ‘द एक्स-मेन’ या दोन्हींच्या पहिल्या अंकांवर सप्टेंबर १९६३ हा महिना आहे, आणि दोन्ही स्टॅन ली व जॅक कर्बी या जोडीचे. त्यात अव्हेंजर्सची गोष्ट मुलांना फार आवडते, कारण दुसऱ्याच अंकाच्या शेवटी हल्क टीम सोडून निघून जातो. बाकीच्यांच्या मनात आपल्याबद्दल काय आहे ते त्याला कळलेलं असतं. कॅप्टन अमेरिका या टीममध्ये येतो तो थेट चौथ्या अंकात.

माझ्या मते टीमच्या कॉमिक्सचा सगळा जीव या निघून जाण्यात आहे. जो रुसून जाऊ शकतो त्याला विचारावं लागतं. १९७५ मध्ये लेन वेन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवी एक्स-मेन टीम उभी केली: केनियाची स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, रशियाचा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन आणि आणखी काही जण. तिथून क्रिस क्लेअरमाँट यांनी ही मालिका हाती घेतली ती १९९१ पर्यंत लिहिली. १९७६ च्या शंभराव्या अंकात पोलादी कोलोसस वुल्व्हरिनला उचलून शत्रूवर भिरकावतो. हा डाव ‘फास्टबॉल स्पेशल’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि पुढे दोघांच्या सवयीचा बनला. कोलोससला एवढ्या लांब हात नाहीत, वुल्व्हरिनला उडता येत नाही. दोघांची उणीव जोडली की एक डाव होतो. आणि एकाने स्वतःला दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हीही त्याची अट आहेच.

व्हिडिओ गेममध्ये ही अट सहसा गळून पडते. कोनामीचा १९९२ चा एक्स-मेन आर्केड गेम दोन पडद्यांच्या मोठ्या कॅबिनेटवर सहा जणांना एकदम खेळता यायचा. सायक्लॉप्स, वुल्व्हरिन, स्टॉर्म, कोलोसस, नाइटक्रॉलर आणि डॅझलर. सहा जण खांद्याला खांदा लावून उभे, ही कल्पनाच भारी. पण सहाही जणांचं काम एकच: समोर येईल त्याला बडवणं. २००६ च्या ‘मार्व्हल : अल्टिमेट अलायन्स’मध्ये चौघांची टीम निवडायची असते. जुळणारे चार जण घेतले, उदाहरणार्थ फॅन्टॅस्टिक फोरचे चौघे, तर टीमला जादा फायदा मिळतो. म्हणजे नातं आहे, पण ते टक्क्यांत मोजलेलं. तिथे हल्क कधी निघून जात नाही, कारण तो तुमच्या बोटांत असतो.

आमच्या कट्ट्यावर पहिल्यांदा चालला तो ‘लेगो मार्व्हल सुपर हिरोज’. २०१३ चा हा गेम दोघांना एका पडद्यावर खेळता येतो. यात टीमची कल्पना वरवर पाहता चांगली आहे: जड वस्तू हल्कने उचलायच्या, आणखी कुठे आयर्न मॅन किंवा स्पायडर-मॅनच हवा. पण बटण दाबून तुम्ही हल्कचे आयर्न मॅन होऊ शकता. मग हल्कची वाट बघायची गरजच काय? सरकत्या स्टिकचा कंट्रोलर ज्याच्या वाट्याला यायचा तो दोन मिनिटांत तो खाली ठेवायचा, आणि थोरला एकटाच सगळ्यांची रूपं घेत पुढे जायचा. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्यावाचून त्याचं काहीच अडत नव्हतं.

२०२० च्या ‘मार्व्हल्स अव्हेंजर्स’चा विचार झाला आणि मागे पडला. त्यात चौघांना एकत्र खेळता येतं खरं, पण ऑनलाइन, प्रत्येकाच्या आपापल्या यंत्रावर. शिवाय सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस त्याची विक्रीच बंद झाली.

चार बटणं

‘मार्व्हल्स गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. बनवला आयडोस-माँट्रियलने, प्रकाशित केला स्क्वेअर एनिक्सने. जुनी डिस्क स्वस्तात मिळाली. डबा पाहून जुळ्यांचा चेहरा पडला, कारण वर एकाच खेळाडूचं चिन्ह होतं. या गेममध्ये तुम्ही फक्त टीमचा नेता स्टार-लॉर्ड असता. गमोरा, ड्रॅक्स, रॅकूनसारखा छोटा रॉकेट आणि झाडासारखा ग्रूट आपापले लढत असतात, त्यांना तुम्ही हुकूम देता. एक बटण दाबून धरायचं, मग कंट्रोलरवरच्या चार मुख्य बटणांपैकी एक दाबून कोण ते निवडायचं, मग त्याची कोणती करामत ते.

धाकटीने ते पाहिलं आणि म्हणाली, ‘‘चार बटणं आहेत आणि आपण चौघं बसलोय. एकेक वाटून घेऊ.’’

वाटणी झाली. ताशावालीला गमोरा, एका जुळ्याला ड्रॅक्स, दुसऱ्याला रॉकेट, धाकटीला ग्रूट. थोरला स्टार-लॉर्ड. नियम त्यांनीच केला: ज्याचा गार्डियन त्याने आवाज दिल्याशिवाय थोरल्याने ते बटण दाबायचं नाही. त्याला गरज वाटली तर त्याने मागावं. समोरचा नाही म्हणू शकतो.

हा नियम चालला, कारण गेमची रचनाच त्याला धार्जिणी आहे. गमोरा एका शत्रूला जबर इजा करते. ड्रॅक्स समोरच्याचा तोल घालवतो. रॉकेटचे स्फोट घोळक्यावर चालतात. ग्रूट मुळांनी शत्रूंना जागीच बांधून टाकतो. स्टार-लॉर्डच्या पिस्तुलांना पुढे बर्फ, वीज, वारा वगैरे मिळत जातात, पण त्याच्या एकट्याच्या माऱ्याने मोठी लढाई फार रेंगाळते. आणि एकदा करामत वापरली की ती परत तयार व्हायला वेळ लागतो. थोरल्याला आता खरोखरच चौघांची गरज होती.

पहिल्या दिवशी मात्र नुसता गलका. ‘‘ड्रॅक्स, पाड त्याला!’’, ‘‘ग्रूट, बांध!’’, ‘‘रॉकेट, रॉकेट!’’ चौघंही आपापली करामत तयार होताच उधळून टाकायचे आणि गरजेच्या वेळी सगळ्यांचे हात रिकामे. इथे ताशावाली कामाला आली. पथकात ताशाच्या तर्रीवर ढोल चालतात. किती ढोल आहेत यापेक्षा कोणता ठेका कधी बदलायचा हे सगळ्यांना एकाच वेळी कळणं महत्त्वाचं, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. तिने क्रम लावून दिला. आधी ग्रूटने बांधायचं, मग बांधलेल्या घोळक्यावर रॉकेट, जो दणकट उरेल त्याला ड्रॅक्स, आणि तोल गेलेल्यावर शेवटचा वार गमोराचा. स्वतःची पाळी तिने शेवटी ठेवली, याची दखल जुळ्यांनीही घेतली.

ग्रूटची धाकटीला सुरुवातीला खंत होती. त्याच्या माराने शत्रू क्वचितच पडतो. हा क्रम बसल्यावर मात्र प्रत्येक मोठ्या चकमकीत थोरला आधी तिच्याकडे बघायला लागला. तिने आवाज दिला की लढाई सुरू.

हडल

या गेममधली मला सगळ्यांत हुशार वाटलेली गोष्ट म्हणजे हडल. लढाईत एक पट्टी भरत जाते. ती भरली की स्टार-लॉर्ड सगळ्यांना जवळ बोलावतो. लढाई थांबते. गार्डियन काहीतरी बोलतात: कधी खचून, कधी नको तेवढ्या फुशारकीने. मग दोन उत्तरांतलं एक निवडायचं. बोलण्याचा रोख ओळखला तर सगळ्या टीमला बळ चढतं. नाही ओळखला तर फक्त स्टार-लॉर्डला. त्यानंतर ऐंशीच्या दशकातलं एखादं गाणं वाजतं आणि लढाई पुन्हा सुरू.

म्हणजे नेत्याने ऐकलं नाही तर फायदा त्याच्या एकट्याचा होतो, आणि तोच तोटा ठरतो. टीम या गोष्टीचं इतकं नेमकं यंत्र मी दुसऱ्या कुठल्या सुपरहिरो गेममध्ये पाहिलेलं नाही.

संवाद इंग्रजीत आणि झरझर. थोरला वेगाने वाचतो, पण त्याचा अंदाज चुकायचा. त्याला वाटे हुरूप वाढवणारं वाक्य नेहमीच बरोबर. पण टीम आधीच हवेत असेल तर तिला जमिनीवर आणावं लागतं. हा फरक धाकटीला आणि रॉकेटवाल्याला चटकन कळायचा, कारण ते आपापल्या पात्राचं बोलणं कान देऊन ऐकत असायचे. हळूहळू पद्धत अशी पडली की हडलमध्ये थोरल्याने बोलायचंच नाही. चौघांनी एक की दोन ते सांगायचं, बरोबरी झाली तरच त्याचं मत. बारावीतल्या, सगळ्यांत चांगलं खेळणाऱ्या मुलाने ते मान्य केलं.

फेकाफेकी

गोष्टीत गार्डियन्सना नोव्हा कोअरचा, म्हणजे अंतराळातल्या पोलिसांचा, दंड भरायचा असतो आणि पैसे नसतात. मग लेडी हेलबेंडर नावाच्या, चित्रविचित्र प्राणी गोळा करणाऱ्या बाईला आपल्यातलाच एक विकायचा बेत होतो. विकायचा तो रॉकेट की ग्रूट, हे तुम्ही ठरवायचं. अर्थात ही फसवणूक असते, खरी विक्री नाही. थोरल्याने दोघांना विचारलं. रॉकेटवाला साफ नाही म्हणाला. धाकटी थोडा विचार करून म्हणाली, ‘‘ग्रूट जाईल. पण मला सोडवायला सगळ्यांनी यायचं.’’ ठरलं.

अडचण आली ती त्याहून किरकोळ वाटणाऱ्या प्रसंगात. पुढे एक दरी येते. पलीकडे जाऊन कोणीतरी वाट मोकळी करायला हवी. ड्रॅक्स म्हणतो, रॉकेटला पलीकडे फेकतो. रॉकेटला ते मुळीच नको असतं. फेकू द्यायचं की थांबवायचं, ही निवड तुमची. ड्रॅक्सवाला भाऊ ओरडला, ‘‘फेक!’’ आणि थोरल्याने हसत हसत संमती दिली. रॉकेटवाल्याला कोणी विचारलं नाही. पडद्यावर रॉकेट भडकला. खोलीत तो मुलगा उठला, चपला घातल्या आणि घरी गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. गेम सुरू झाला. नियमाप्रमाणे रॉकेटचं बटण कोणालाच दाबता येईना. लढाया कशाबशा निभावल्या, पण मग असं ठिकाण आलं की यंत्रणा रॉकेटनेच उघडायची होती. लढाईबाहेरही या टीमची कामं वाटलेली आहेत: ग्रूट पूल करतो, ड्रॅक्स जड वस्तू हलवतो, गमोरा उंच भिंतीवर आधार देते, रॉकेट बारीक फटींतून शिरतो आणि यंत्रं खोलतो. ड्रॅक्सवाला म्हणाला, दाबून टाक ना, त्याला काय कळतंय. धाकटीने कंट्रोलरवर हात ठेवला. नियम म्हणजे नियम.

गेम बंद झाला आणि त्या दिवशी आम्ही वाचलं. मी मुद्दाम २००८ ची गार्डियन्सची मालिका काढली. मूळ गार्डियन्स १९६९ चे, एकतिसाव्या शतकातले आणि वेगळेच. आज ओळखतो ती टीम डॅन अ‍ॅबनेट आणि अँडी लॅनिंग यांनी २००८ मध्ये बांधली, इकडून तिकडून जमवलेल्या पात्रांची. ग्रूट १९६० च्या एका राक्षसकथेतला, गमोरा आणि ड्रॅक्स जिम स्टारलिन यांच्या सत्तरच्या दशकातल्या कथांतले, रॉकेट आणि स्टार-लॉर्ड दोघंही १९७६ चे. या मालिकेच्या सहाव्या अंकात टीम फुटते. कारण उघड होतं की ही मंडळी टीममध्ये यावीत म्हणून स्टार-लॉर्डने मनं वाचणाऱ्या मँटिसला त्यांच्या मनावर प्रभाव टाकायला सांगितलं होतं. त्याचा हेतू विश्व वाचवण्याचाच होता. तरी ते जातात, आणि वाचणाऱ्याला ते पटतं.

वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. मग थोरल्याने फोन काढला. तिसऱ्या मजल्यावरून रॉकेटवाला खाली आला तो अट घेऊन: पुन्हा असा प्रसंग आला तर ज्याच्या अंगावर येणार त्याला आधी विचारायचं, गेमने घाई केली तरी. ड्रॅक्सवाल्या भावानेही ती मान्य केली, बऱ्याच कुरबुरीनंतर.

या प्रकरणातून मला दिसलेलं

मुलं एकत्र खेळली म्हणून टीम झाली, असं मी म्हणणार नाही. आधीही ती एकाच खोलीत होती. फरक पडला तो एकाची वाट दुसऱ्याशिवाय अडू लागली तेव्हा, आणि त्या दुसऱ्याला नाही म्हणायची मुभा मिळाली तेव्हा. पहिली गोष्ट गेमच्या रचनेत होती. दुसरी मुलांच्या नियमाने आली. गेममधला रॉकेट रागावतो, लक्षात ठेवतो, पुढे टोमणे मारतो, पण गोष्टीने ठरवल्याखेरीज तो हुकूम नाकारत नाही. सोफ्यावरचा रॉकेट नाकारू शकत होता. १९६३ च्या हल्कला जे करता येत होतं ते आमच्याकडे त्या मुलाने केलं, आणि त्यामुळेच टीमला वजन आलं.

मर्यादाही आहेत. कंट्रोलर ज्याच्या हातात त्याचं पारडं जड राहतंच. शेवटच्या भागांत अदलाबदल करून पाहिली. ताशावाली स्टार-लॉर्ड झाली, थोरल्याकडे गमोरा आली. नेमबाजी ढासळली, पण क्रम आणखी घट्ट बसला. थोरला मात्र आवाज देणारा म्हणून कच्चा निघाला. दर दहा सेकंदांनी ‘‘गमोरा!’’ म्हणून ओरडायचा. हातात बटण नसताना धीर धरणं त्याला जड गेलं, आणि हे त्याचं त्यानेच बोलून दाखवलं.

थोरला घरी ‘मार्व्हल रायव्हल्स’ खेळतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या या गेममध्ये सहा विरुद्ध सहा असा सामना होतो आणि ठरावीक जोड्यांना एकत्र करामती मिळतात. गेम आला तेव्हा जुना फास्टबॉल स्पेशलही त्यात होता, फक्त तिथे वुल्व्हरिनला फेकायचा तो हल्क. त्याचं म्हणणं, खरी टीम तिथेच, कारण सहाही जण माणसं असतात. ढाल होणारे, मारा करणारे आणि सावरणारे अशी तिथली कामाची वाटणी पक्की आहे, म्हणून त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण ते सहा जण बहुधा अनोळखी असतात आणि सामना संपला की पांगतात. रुसलेल्याला फोन करून खाली बोलवायची वेळ तिथे येत नाही.

२०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये गार्डियन्सला सर्वोत्कृष्ट कथनाचा पुरस्कार मिळाला, तरी विक्री प्रकाशकाच्या अपेक्षेइतकी झाली नाही. पुढच्याच वर्षी स्क्वेअर एनिक्सने तो बनवणारा स्टुडिओ विकण्याचा करार केला. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच कंपनीचा अव्हेंजर्स लोकांनी वर्षानुवर्षं खेळत राहावं म्हणून बेतलेला होता, गार्डियन्स साधारण वीस तासांत संपतो. त्या वीस तासांत टीम म्हणजे काय हे जितकं कळतं, तितकं मला अंतहीन गेममध्ये कुठे दिसलेलं नाही.

आता कट्ट्यावर पुढचा गेम ठरतो आहे. धाकटीने ‘मार्व्हल्स मिडनाइट सन्स’ सुचवला आहे. तो फिराक्सिसने बनवलेला, २०२२ चा. मोहिमेवर तिघे जातात, आपली पाळी आली की पत्त्यांसारखी कार्डं खेळायची, आणि एका पाळीत साधारणपणे तीनच. तिघांचा मिळून हात एकच, त्यामुळे एकाने दोन कार्डं वापरली तर दुसऱ्या दोघांत एकच उरतं. भांडायला भरपूर वाव आहे आणि घाई अजिबात नाही, असं तिचं समर्थन. थोरल्याची बारावीची परीक्षा आली आहे, तेव्हा खेळणारे चार आणि नायक तीन. चौथ्याने काय करायचं यावर दोन मतं आहेत. जुळे म्हणतात, दर मोहिमेला एकाने बाहेर बसावं. ताशावालीचं म्हणणं, चौथ्याने प्रत्येक पाळीला कोणाची कार्डं चालवायची ते ठरवावं, आणि तिघांपैकी कोणीही एकदा तो निर्णय उलटवू शकावा. पुढच्या शनिवारी दोन्ही पद्धती करून पाहणार आहेत.